काळ्या वायरचं दुसरं टोक

बिसेराकडे मोटरसायकल घेऊन आलेल्या माणसाला आधी स्टूल मिळायचं, मग कॉफी, आणि मग सुरू व्हायची उलटतपासणी. गाडीला हात लागायचा तो सगळ्यात शेवटी.

"रात्री गाडी कुठे उभी असते?"

"गोठ्यामागे."

"उघड्यावर की छपराखाली?"

"छपराखाली."

"त्या छपरात कोंबड्या झोपतात?"

"झोपतात. पण मावशी, कोंबड्यांचा आणि बॅटरीचा काय संबंध?"

"ते मलाही अजून माहीत नाही. म्हणून तर विचारतेय."

खोऱ्यातले लोक तिला तोंडावर बिसेरामावशी म्हणत आणि पाठीमागे तपासणीसबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं नाव तिला जास्त आवडायचं. स्मोल्यान शहराच्या खाली, नदी वळते तिथे, घोंगड्यांचा जुना कारखाना आहे. त्याच्या बॉयलरघरात तिचं वर्कशॉप होतं. बॉयलर कधीच भंगारात गेला होता, पण भिंतींमध्ये ओल्या लोकरीचा वास अजून मुक्कामाला होता. पाऊस पडला की तो बाहेर यायचा.

तरुणपणी ती टेलिफोनचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होती. खिडकीपाशी बसून एकेक भाग कानाला लावायचा, त्याची टिकटिक ऐकायची, आणि ज्याची टिकटिक बरोबर नाही तो बाजूला काढायचा, हे तिचं काम. राजवट बदलली, कारखान्याला टाळं लागलं. बरोबरच्या बायका स्पेनला संत्री तोडायला गेल्या. बिसेराचा नवराही गेला आणि तिकडचाच झाला. ती गेली नाही. का नाही गेलीस, असं कुणी विचारलं की म्हणायची, "तिकडे जाऊन शोधायचं काय? संत्रं झाडावर दिसतंच की."

वर्कशॉपच्या उजव्या भिंतीवर खिळ्यांना मेलेले भाग टांगलेले होते. जळालेले रेग्युलेटर, करपलेल्या कॉइल, पोटं फुगलेल्या बॅटऱ्यांची झाकणं. गावात माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला कागद फाटकावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर चिकटवतात. बिसेराची भिंत म्हणजे गाड्यांचा बसथांबा, असं लोक हसून म्हणायचे. तिला मात्र तिथल्या प्रत्येकाच्या मरणाचं कारण तोंडपाठ होतं. "हा रेग्युलेटर ना? याला उन्हाने नाही मारलं. मालकाने अंगावर चिखलाचा थर चढू दिला, याला वाराच लागेना. गुदमरून गेला बिचारा."

आणि एवढं सगळं असून, गाडीवर ती जन्मात बसली नव्हती! चालत यायची, चालत जायची. कुणी सोडायला येऊ का म्हटलं की हात झटकायची. "वीज कुठून निघते आणि कुठे जाते ते मला कळतं. हे जनावर कुठे जाईल ते कळत नाही."

एप्रिल संपत आला होता तेव्हा दाफिनची रुमेना गाडी घेऊन आली. त्या वसंतात चौथ्यांदा. या वेळी ती स्टुलावर बसली नाही.

"कॉफी?" बिसेराने विचारलं.

"नको. मावशी, हे शेवटचं. फक्त चालू होऊन उभी राहील एवढी कर. शनिवारी प्लोवदिवहून एक माणूस येतोय. देऊन टाकतेय गाडी."

बिसेराच्या हातातली किटली तशीच राहिली. लाल रंगाची ती गाडी आख्ख्या खोऱ्याला माहीत होती. दाफिन बस चालवायचा. सुट्टीच्या दिवशी बस सोडून या गाडीवर, मागे बायको सेवदा, आणि दोघांमध्ये कोंबलेली रुमेना. दाफिनला जाऊन दोन वर्षं झाली. रुमेना आता तिशीची, गुरांच्या डॉक्टरची मदतनीस. वरच्या कुरणांवर मेंढवाडे आहेत, तिथे जीप पोचत नाही, ही गाडी पोचते. म्हणजे पोचायची.

"काय झालं?"

"काल वर खडकांपाशी बंद पडली. पिशवी खांद्याला मारून पळत सुटले. मेंढी अडली होती, मावशी. मी पोचेपर्यंत..." रुमेनाने हेल्मेट काखेतून काढून कट्ट्यावर आपटलं. "कोकरू वाचलं. मेंढी गेली. म्हातारा मला एक शब्द बोलला नाही. उलट ताक दिलं प्यायला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

बिसेराने किटली खाली ठेवली. ती मेंढी आपल्याही नावावर आहे, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पहिल्या वेळी तिने बॅटरी चार्ज करून दिली होती. दुसऱ्या वेळी हेडलाइटचे बल्ब एकामागून एक उडत होते, म्हणून रेग्युलेटर बदलला. तिसऱ्या वेळी नवी बॅटरी. प्रत्येक वेळी मीटर लावला होता. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या जरा वर, इंजिन तापवून रेस केलं की सव्वाचौदा. असे देखणे आकडे, की फ्रेम करून लावावेत. वर्कशॉपात गाडी अगदी डॉक्टरासमोर बसलेल्या म्हातारीसारखी वागायची. मला? मला कुठे काय झालंय?

"तुला दोष देत नाहीये हं," रुमेना म्हणाली. "तुझं काम चोख आहे. मला माहितीये हे कोण करतंय."

"कोण?"

"आई."

बिसेराने स्टूल ओढलं आणि स्वतःच बसली. "सांग."

"काय सांगू? बाबा गेल्यापासून रोज एकच. गाडी विक, गाडी विक, रस्त्यावर मरशील. सकाळी डब्याबरोबर, रात्री सुपाबरोबर. आणि मग त्या दिवशी मी तिला पकडलं. पहाटे उठून बाहेर आले तर ही बाई गाडीपाशी गुडघ्यांवर. हातात पाना!"

"कितीचा?"

"अं?"

"पाना कितीचा होता?"

"मावशी, माझी आई माझी गाडी बिघडवतेय, आणि तू पान्याचा नंबर विचारतेस?"

"आठव की."

रुमेनाने डोळे मिटले. "बाबांचा तेराचा. लाल चिकटपट्टी गुंडाळलेला."

"दहाचा नव्हता? नक्की?"

"नक्की. का?"

"बॅटरीला दहाचा लागतो," बिसेरा हळूच म्हणाली. "सेवदाला बॅटरीच काढायची असती तर तिने तेराचा कशाला घेतला असता? दाफिन गाडी खोलून बसायचा तेव्हा विजेरी तीच तर धरायची. कुठला पाना कुठे, तिला ठाऊक आहे. तू विचारलंस तेव्हा काय म्हणाली?"

"म्हणाली, पुसत होते. पाना घेऊन! पुसत होती!" रुमेनाला हसू आणि राग एकदमच आला. "डोक्यात पांढऱ्या पाकळ्या, झगा दवाने भिजलेला, आणि तोंड असं की कोंबडी चोरलीये."

"पाकळ्या कसल्या?"

"अंगणातल्या आलुबुखाराच्या. त्या सकाळीच फुलला होता तो."

बिसेराने एवढं ऐकून घेतलं. हा धागा कुठल्या टोकाला जोडायचा ते तिला कळेना. तिने तो तसाच बाजूला ठेवला. कारखान्यातही संशयाचा भाग ती टाकून देत नसे, डावीकडे ठेवायची.

"बघ रुमेना, मला एक गोष्ट झोपू देत नाही. तुझे बल्ब का उडाले?"

"जास्त वीज आली म्हणून. तूच म्हणालीस. म्हणून तर रेग्युलेटर बदललास."

"बरोबर. आणि बॅटरी का उतरली?"

"कमी वीज मिळाली म्हणून."

"म्हणजे एकाच घरात एक जण उपाशी मेला आणि दुसरा अजीर्णाने. एकाच चुलीवरचं जेवण! असं कधी होतं?"

रुमेना आता कट्ट्याला टेकली. नकळत तिने कॉफीचा कप उचलला. "वाढणारा वेडा असेल तर."

"वाढणारा म्हणजे रेग्युलेटर, तो नवा आहे. त्याला मी तपासलाय. मग?"

"मग... उपाशी मेलेल्याच्या खोलीचं दार बंद असेल."

बिसेराने मांडीवर थाप मारली. "दार! पण माझ्याकडे आली की दार उघडं असतं. सडकेवर उघडं असतं. बंद पडते कुठे?"

"वर. दगडांच्या वाटेवर."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मग मी इथे बसून काय करतेय? मला तिकडे यायला हवं."

"जीप नाही जात तिथे मावशी. आणि चालत म्हटलं तर..." रुमेना थांबली. बिसेरा भिंतीवरच्या खिळ्यावरून जाकीट काढत होती. "तू? गाडीवर? तू?"

"हेल्मेट आहे का दुसरं?"

रुमेना हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

सीटखालून लांब वायरी काढून बिसेराने मीटर जाकिटात, पोटाशी धरला. लाल टोक बॅटरीच्या लाल बाजूला, काळं काळ्या बाजूला. दुसऱ्या हाताने तिने सीटमागची लोखंडी दांडी अशी पकडली की बोटं पांढरी पडली.

"मावशी, माझ्या कमरेला धर ना."

"तुझ्या कमरेवर माझा विश्वास नाही. लोखंडावर आहे. चल."

सडकेवर आकडा चौदाच्या वर ठाण मांडून होता. बिसेराने नदीकडे पाहिलं नाही, पुलाकडे पाहिलं नाही, ओळखीच्या बेकरीवाल्याने दाराबाहेर येऊन "अहो, तपासणीसबाई निघाल्या!" म्हणून आरोळी ठोकली तिकडेही पाहिलं नाही. ती फक्त पोटाशी धरलेल्या चौकटीत बघत होती. भीती होती, पण तिला बसायला जागा मिळेना. तिथे आधीच आकडे बसले होते.

देवदारांचं रान संपलं आणि दगड सुरू झाले. गाडीने पहिली उडी मारली. चौदा. दुसरी उडी. चौदा. तिसऱ्या उडीला आकडा धाडकन खाली आला, साडेबारा, आणि त्याच क्षणी पुढे, दिवसाउजेडी, हेडलाइट लखकन पांढरा पेटला.

"बघितलंस?" बिसेरा किंचाळली. "दिवा बघितलास?"

"मावशी, माझं लक्ष दगडांवर आहे!"

"पुन्हा! पुन्हा झालं! अगं जोरात घे!"

"जोरात? मघाशी तर घाबरून दांडी सोडत नव्हतीस..."

पुढच्या चढावर इंजिनाचा वेग पडला, गाडीने दोन उचक्या दिल्या आणि ती निमूट झाली. रुमेनाने पाय टेकले. सेल्फ दाबला. टिक नाही की टुक नाही. गाडीच्या हँडलजवळचा दिवाही मालवलेला.

"इथेच," रुमेना म्हणाली. "काल अगदी इथेच." वरून कुठूनतरी मेंढ्यांच्या घंटा ऐकू येत होत्या. तिने तिकडे पाहायचं टाळलं.

बिसेरा उतरली. तिने पाय गवतावर दोनदा आपटले. मग मीटर रुमेनासमोर धरला. "वाच."

"साडेबारा."

"म्हणजे बॅटरी?"

"भरलेली."

"आणि गाडी?"

"मेलेली." रुमेनाने मीटर हातात घेऊन हलवून पाहिला. "असं कसं?"

बिसेरा उत्तर देणार होती, पण तोंड उघडं ठेवूनच थांबली. तिची नजर काळ्या टोकावर होती. बॅटरीच्या काळ्या बाजूला लावलेल्या. पहिल्या वेळीही ते तिथेच लावलं होतं. दुसऱ्याही. तिसऱ्याही.

"रुमेना, मी किती मूर्ख बाई आहे."

"काय झालं?"

"तीनदा विचारलं मी. आणि तिन्ही वेळा बॅटरीलाच विचारलं, बाई तू बरी आहेस का? ती म्हणाली बरी आहे. ती खोटं बोलत नव्हती. पण तिचं ऐकू कुणाला जातंय, ते मी पाहिलंच नाही." तिने काळं टोक काढलं आणि इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवलं. "आता वाच. आणि सेल्फ दाबून ठेव."

"चार. नाही, तीन. मावशी, हे आकडे नाचतायत."

"बॅटरीपाशी साडेबारा, इंजिनपाशी तीन. मधे आहे काय? ही एक काळी वायर. एक टोक बॅटरीला, ते मी पाहिलंय. दुसरं टोक कुठे जातं?"

बाजूचं झाकण काढल्यावर ते दिसलं. फ्रेमच्या आत, हात वाकडा करावा लागेल अशा कोपऱ्यात, काळी वायर एका बोल्टखाली दाबलेली. बिसेराने नटाकडे पाहिलं. नटाच्या मापाकडे पाहिलं. मग अजिबात आवाज न चढवता म्हणाली, "पाना दे."

"कितीचा?"

बिसेराने नटाकडे बोट केलं. रुमेनाने तिकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "तेराचा," ती स्वतःच म्हणाली.

पाना लावायचीही गरज पडली नाही. नट बोटांनी फिरत होता.

"बघ!" रुमेना ओरडली, घंटा वाजायच्या थांबल्या. "ढिला केलाय! मी म्हटलं नव्हतं? माझ्या सख्ख्या आईने! ती मेंढी मेली, ती..."

"थांब."

"काय थांबू? शनिवार कशाला, आजच देते गाडी! आणि घरही सोडते!"

"रुमेना, थांब म्हटलं ना. ढिला केलेल्या नटाखाली हे कशाला असेल?"

नटाखालच्या वायसरला काहीतरी चिकटलं होतं. गंजाने तपकिरी, एका कडेने हिरवं, चपटं झालेलं नमद्यासारखं काहीतरी. बिसेराने नखाने एक टोक सोडवलं आणि ओढलं. ते लांब येत गेलं. नाकाशी नेलं, वर्कशॉपचाच वास. लोकर. मधल्या वळशात, जिथे ओल पोचली नव्हती, तिथे रंग अजून शाबूत होता. एक पदर लाल, एक पांढरा.

मार्चच्या पहिल्या दिवशी खोऱ्यातला असा एक जीव नसतो ज्याच्या अंगावर हा दोरा बांधत नाहीत. माणसांच्या मनगटावर, कोकरांच्या गळ्यात, फळझाडांना. मार्ताआजी, म्हणजे खुद्द मार्च महिना, लहरी असते, हसता हसता बर्फ टाकते. तिचा रोष टळावा, वर्ष निरोगी जावं म्हणून. मग पहिला करकोचा दिसला, नाहीतर पहिलं झाड फुललं, की दोरा सोडायचा आणि त्या झाडाला बांधायचा. या दोऱ्याचं नाव मार्तेनित्सा.

"आईची कताई आहे ही," रुमेना म्हणाली. "जाड पीळ. ती कधी सैल कातत नाही."

"तू घालत नाहीस ना आता? तुझ्या हातात दिसला नाही."

"बाबांच्या हातात होता. मार्चमध्येच गेले ना ते. दवाखान्यात नर्सने कापून माझ्या हातात दिला." ती दगडावर बसली. "मी आईला सांगितलं, मला बांधू नकोस. गाडीला तर मुळीच नको. त्याने काय होतं ते बघितलंय आपण."

"मग तिने तुला दिसणार नाही अशा जागी बांधला." बिसेरा नट बोटांत फिरवत होती. "नट खोलला, दोरा गुंडाळला, वर वायसर, आणि आवळला. चांगला घट्ट आवळला असणार, सेवदा आहे ती. पण लोकर दबते गं. एकेका दगडाला थोडी थोडी दबत गेली. नट जागच्या जागी, पण खाली पोकळी. मग ओल, मग गंज. सडकेवर वायर कशीबशी टेकायची. इथे आली की दार बंद, मग बॅटरी उपाशी आणि तिच्या वाट्याची वीजही दिव्यांच्या पानात."

रुमेनाने दोरा हातात घेतला.

"आता तू मला सांग," बिसेराने डावीकडे ठेवलेलं उचललं. "आलुबुखार फुलला त्या पहाटे ती पाना घेऊन कशाला बसली होती?"

घंटा पुन्हा वाजू लागल्या.

"सोडायला," रुमेना म्हणाली. "झाड फुललं म्हणून सोडायला आली होती. आणि मी... मी तिच्यावर ओरडले."

चाकूच्या पात्याने बिसेराने बोल्टची जागा धातू चमकेपर्यंत खरवडली, वायरचं टोक खरवडलं, नट आवळला. सेल्फच्या पहिल्याच स्पर्शाला गाडी अशी गरजली की रुमेना दचकली. परतताना दगडांवर आकडा सव्वाचौदाला खिळून होता. त्यामुळे बिसेराला बघायला काही उरलं नाही. तिने पहिल्यांदा दरीकडे पाहिलं, आणि ताबडतोब पुन्हा मीटरकडे.

रुमेनाच्या घराच्या फाटकावर दाफिनचा फोटो होता. मार्चमध्येच नवा कागद लावलेला, खाली ‘दोन वर्षं’ असं छापलेलं. सेवदा चुलीपाशी बटाट्याची पोळी उलटत होती. खिडकीतून तिने पाहिलं आणि उलथनं हातात घेऊनच बाहेर धावली.

"अगं बाई! तपासणीसबाई डबलसीट! कोण मेलं?"

"कुणी नाही. आत चल," रुमेना म्हणाली.

आत गेल्यावर तिने दोरा टेबलावर ठेवला. सेवदाने उलथनं खाली ठेवलं. हात पुसले, जरा जास्तच वेळ पुसले.

"कुठे सापडला?"

"तू ठेवलास तिथे."

"तिथे कुणी जात नाही. तुझ्या बाबांनी आख्ख्या जन्मात दोनदा तो बोल्ट खोलला असेल. म्हटलं, तुझ्या डोळ्यांना खुपायला नको."

"आई, त्याच्यामुळे गाडी बंद पडत होती."

"दोऱ्यामुळे?" सेवदाने बिसेराकडे पाहिलं. ही चेष्टा करतेय का, असं.

"लोकरीतून वीज जात नाही, सेवदा."

सेवदा खुर्चीवर बसली. "म्हणजे कालची ती मेंढी..."

"मला वाटलं तू मुद्दाम करतेस," रुमेना म्हणाली. "गाडी विकावी म्हणून."

"मुद्दाम?" सेवदाची मान ताठ झाली. "मला गाडी नको आहे. ते मी तुला रोज सांगते. तोंडावर सांगते, जेवताना सांगते. मग लपूनछपून कशाला करीन? लपवलं ते हे एवढंच."

"त्या सकाळी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू हसली असतीस. नाहीतर रडली असतीस. उपाशीपोटी मला दोन्ही झेपलं नसतं."

चुलीवर पोळी करपू लागली होती. कुणी उठेना. बिसेराला राहवलं नाही. तिने मीटर काढला आणि दोऱ्याच्या दोन टोकांना टोकं लावली. मीटर ढिम्म. मग तिने दोरा पाण्याच्या पेल्यात बुडवला, पिळला, पुन्हा लावला. आकडे सरकले.

"ओला असला की थोडी जाते," ती म्हणाली.

"बघ!" सेवदा मुलीला म्हणाली, जणू कोर्टात सुटली.

रुमेना हसायला लागली, आणि हसता हसताच तिने तळव्याने डोळे दाबले. सेवदा उठली, करपलेली पोळी चुलीवरून उतरवली, आणि जाता जाता तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

"शनिवारी तो प्लोवदिववाला येणार ना?" सेवदाने पाठ फिरवूनच विचारलं.

"येणार."

"त्याला जेवायला घालू. लांबून येणार बिचारा."

"आणि गाडी?"

"गाडी मला नकोच आहे." पोळीचे तुकडे करताना सुरी जरा जोरात वाजली. "पण म्हणून ती परक्याने का न्यावी?"

रुमेनाने फोन काढला आणि अंगणात गेली. खिडकीतून तिचा आवाज येत होता: नाही, विकायची नाही, हो, दुरुस्त झाली, नाही, किमतीचा प्रश्नच नाही. बोलताना तिचा दुसरा हात गाडीच्या टाकीवर होता.

आलुबुखाराची फुलं कधीच गळून गेली होती, फांद्यांवर हिरवी पानं होती. उशीर झाला तरी बांधतात, असं सेवदा म्हणाली, आणि कुणी वाद घातला नाही. त्या रंग गेलेल्या दोऱ्याची गाठ रुमेनानेच मारली.

"पुढच्या मार्चला कुठे बांधू?" सेवदाने बिसेराला विचारलं. मुलीला नाही.

बिसेराने हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. गाडीभोवती ती एक फेरी मारून आली, वाकून पाहिलं, खाली पाहिलं. मग सीटमागच्या लोखंडी दांडीवर हात ठेवला. तिच्या तळव्यावर त्या दांडीचा वळ अजून होता. "इथे. इथून काहीच जात नाही. ही फक्त धरायला आहे."

"माहितीये," सेवदा म्हणाली. "मी इथेच तर धरायचे."

रुमेनाने आईकडे पाहिलं. पण या वेळी नको म्हणाली नाही.

दोरा झाडाचा होता, म्हणून बिसेराला मिळाला नाही. तिने तो गंजका वायसर मात्र मागून घेतला. आता तो उजव्या भिंतीवर, एका वेगळ्या खिळ्याला आहे. रेग्युलेटर आणि कॉइलींच्या रांगेत एवढासा वायसर पाहून लोक हटकून विचारतात, "मावशी, हा कशाने गेला?"

"ते घरगुती प्रकरण आहे," बिसेरा म्हणते, आणि स्टूल पुढे सरकवते. "तुझं सांग. रात्री गाडी कुठे उभी असते? आणि तिच्याजवळ कोण कोण जातं?"